इब्न रुश्द

अबुल वलीद मुहंमद इब्न अहमद इब्न रुश्द (जन्म : ११२६, कॉर्दोबा, मृत्यू : डिसेंबर ११९८, मराकेश) हे मध्ययुगीन अंदलुसमधील, म्हणजे मुस्लिम राजवटीखालील स्पेनमधील, तत्त्वज्ञ, न्यायाधीश, धर्मशास्त्रज्ञ आणि वैद्य होते. युरोपात ते ॲव्हेरोज या लॅटिन नावाने ओळखले जातात. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवरील त्यांच्या भाष्यांमुळे युरोपीय विद्यापीठांत त्यांना केवळ ‘भाष्यकार’ एवढ्याच नावाने संबोधण्याची प्रथा पडली. तर्काने मिळणारे ज्ञान आणि धर्मग्रंथाने दिलेले ज्ञान यांत खरा विरोध असू शकत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय.

कुटुंब आणि शिक्षण

इब्न रुश्द यांचे घराणे कायदेपंडितांचे होते. त्यांचे आजोबा कॉर्दोबाचे मुख्य काझी व तेथील मोठ्या मशिदीचे इमाम होते. मालिकी पंथाच्या धर्मशास्त्रात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. नातवाच्या जन्माच्या वर्षीच आजोबांचे निधन झाले. दोघांचे नाव एकच असल्यामुळे अरबी ग्रंथकार तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांचा उल्लेख ‘नातू’ असा करतात. वडीलही काझी होते. घरच्या परंपरेप्रमाणे इब्न रुश्द यांनी कुराण, हदीस, अरबी साहित्य आणि मालिकी कायदा यांचे शिक्षण घेतले. त्याबरोबरच वैद्यक, गणित, खगोलशास्त्र व तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास केला.

११५३ मध्ये ते मराकेश येथे होते. उत्तर आफ्रिका व अंदलुसवर सत्ता गाजविणाऱ्या अलमोहाद घराण्याची ती राजधानी. कॉर्दोबाहून क्षितिजावर न येणारा अगस्त्य तारा त्यांनी तेथे पाहिला आणि पृथ्वी गोल असल्याच्या ॲरिस्टॉटलच्या प्रतिपादनाला तो दुजोरा असल्याचे नमूद केले.

खलिफाची भेट

सुमारे ११६९ मध्ये दरबारातील वैद्य व तत्त्वज्ञ इब्न तुफैल यांनी त्यांना खलिफा अबू याकूब यूसुफ यांच्यासमोर नेले. विश्व अनादी आहे की निर्मिलेले, याविषयी तत्त्वज्ञांचे मत काय, असा प्रश्न खलिफाने विचारला. या प्रश्नाचे उत्तर पाखंड ठरण्याचा धोका होता. म्हणून इब्न रुश्द यांनी आपण तत्त्वज्ञानाचा अभ्यास केल्याचेच नाकारले. तेव्हा खलिफा स्वतःच इब्न तुफैल यांच्याशी प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि मुस्लिम पंडित यांच्या मतांची चर्चा करू लागला. त्याचे वाचन पाहून इब्न रुश्द यांची भीती गेली व ते मोकळेपणाने बोलले. पुढे, ॲरिस्टॉटलचे उपलब्ध अनुवाद दुर्बोध असल्याची खलिफाची तक्रार इब्न तुफैल यांनी त्यांच्या कानावर घातली आणि ते सुगम करण्याचे काम हाती घेण्यास सुचविले. ११६९ मध्येच त्यांची सेव्हिलच्या काझीपदी नेमणूक झाली व दोन वर्षांनी ते कॉर्दोबाचे काझी झाले. ११८२ मध्ये इब्न तुफैल यांच्या जागी ते खलिफाचे वैद्य बनले.

ग्रंथरचना

न्यायदानाची व दरबारची कामे सांभाळून इब्न रुश्द यांनी ॲरिस्टॉटलच्या बहुतेक सर्व उपलब्ध ग्रंथांवर लेखन केले. त्यांची भाष्ये तीन प्रकारची आहेत : ग्रंथाचा सारांश देणारी लघुभाष्ये, आशय सोप्या भाषेत मांडणारी मध्यमभाष्ये आणि मूळ परिच्छेद देऊन त्याचा शब्दशः अर्थ लावणारी बृहद्भाष्ये. त्यांना ग्रीक येत नव्हते; अरबी अनुवाद एकमेकांशी ताडून पाहून ते मूळ अर्थाचा शोध घेत. ॲरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरील ग्रंथ त्यांना मिळाला नाही, म्हणून त्याऐवजी त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिले. स्त्रियांमध्येही तत्त्वज्ञ व राज्यकर्त्या होण्याची पात्रता असते. त्यांना केवळ प्रजनन व संगोपन यांत गुंतवून ठेवल्याने नगरांच्या दारिद्र्यात भर पडते, असे मत त्यांनी या भाष्यात मांडले आहे.

‘बिदायत अल-मुज्तहिद’ हा त्यांचा कायद्यावरील ग्रंथ. विविध पंथांचे पंडित एखाद्या प्रश्नावर कोठे सहमत आहेत, कोठे मतभेद आहेत आणि मतभेदाचे मूळ कशात आहे, याचे विवेचन त्यात आढळते. इस्लामी कायद्याच्या अभ्यासात तो आजही वापरला जातो. ‘कुल्लियात’ या वैद्यकग्रंथात त्यांनी शरीररचना, आरोग्य, रोग व उपचार यांची सर्वसाधारण तत्त्वे मांडली.

श्रद्धा आणि तर्क

अकराव्या शतकाच्या अखेरीस अल-गझाली यांनी ‘तत्त्वज्ञांची विसंगती’ या ग्रंथात वीस मुद्द्यांवर तत्त्वज्ञांचे खंडन केले होते. विश्वाचे अनादित्व, ईश्वराला विशिष्ट वस्तूंचे ज्ञान नसणे आणि देहासह पुनरुत्थान नाकारणे ही तीन मते त्यांनी धर्मबाह्य ठरविली होती. हा आरोप केवळ वादापुरता नव्हता; धर्मत्यागाच्या गुन्ह्याला मृत्युदंड असल्याने त्यात तत्त्वज्ञांच्या जिवाचा प्रश्न होता. इब्न रुश्द यांनी ‘विसंगतीची विसंगती’ लिहून गझालींच्या युक्तिवादांना एकेक करून उत्तर दिले.

‘फस्ल अल-मकाल’ या छोट्या ग्रंथात त्यांनी हा प्रश्न काझीच्या भूमिकेतून हाताळला आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास धर्मकायद्याने विहित आहे, वैकल्पिक आहे की निषिद्ध, हे त्यांना ठरवायचे होते. कुराण सृष्टीचे चिंतन करण्यास सांगते. चिंतनाचे सर्वांत परिपूर्ण साधन तर्कशास्त्र होय. म्हणून पात्र व्यक्तीवर हा अभ्यास बंधनकारक आहे, असा त्यांचा निर्णय आहे. सिद्ध झालेले ज्ञान आणि धर्मवचनाचा वाच्यार्थ जुळत नसेल, तर त्या वचनाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा, असे ते म्हणतात. मात्र असे अर्थ सर्वसामान्यांसमोर मांडू नयेत, त्यामुळे त्यांची श्रद्धा डळमळते, असाही त्यांचा आग्रह होता.

हद्दपारी आणि मृत्यू

११८४ मध्ये अबू याकूब यांचे निधन झाले व त्यांचा पुत्र अबू यूसुफ याकूब अल-मन्सूर खलिफा झाला. प्रारंभी त्याचीही मर्जी इब्न रुश्द यांच्यावर होती. ११९५ मध्ये मात्र त्यांच्यावर धर्मविरोधी विचारांचा आरोप ठेवून त्यांना कॉर्दोबाजवळील लुसेना येथे हद्दपार करण्यात आले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासावर बंदी आली व ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला; वैद्यक, अंकगणित व प्राथमिक खगोलशास्त्र यांच्या पुस्तकांना तेवढी सूट मिळाली. त्या काळात उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांशी युद्ध चालू असल्याने खलिफाला सनातनी पंडितांच्या पाठिंब्याची गरज होती, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढे खलिफाने हुकूम मागे घेऊन त्यांना मराकेशला बोलावले. परंतु थोड्याच काळात, ११९८ च्या डिसेंबरात, त्यांचे तेथे निधन झाले. नंतर त्यांचा देह कॉर्दोबाला नेण्यात आला. सूफी विचारवंत इब्न अरबी तेव्हा तरुण होते. जनावराच्या पाठीवर एका बाजूला शव व दुसऱ्या बाजूला तोल साधण्यासाठी त्यांचेच ग्रंथ लादले होते, असे वर्णन त्यांनी केले आहे.

प्रभाव

इब्न रुश्द यांचा तात्त्विक वारसा प्रथम ज्यू व ख्रिस्ती विद्वानांनी जोपासला. तेराव्या शतकात याकोब अनातोली यांनी हिब्रूत, तर मायकेल स्कॉट यांनी लॅटिनमध्ये त्यांची भाष्ये आणली. ‘कुल्लियात’चा लॅटिन अनुवाद १२५५ मध्ये पादुआ येथे झाला. काही ग्रंथांची अरबी मूळ प्रत नष्ट झाली असून ते या अनुवादांतूनच टिकून आहेत. ‘रिपब्लिक’वरील भाष्य आज हिब्रूमुळेच वाचता येते. पॅरिस विद्यापीठात त्यांच्या मतांवरून मोठा वाद झाला. सर्व मानवांची बुद्धी एकच आहे, या त्यांच्या सिद्धान्ताचे थॉमस अक्विनास यांनी खंडन केले, तरी ॲरिस्टॉटल समजून घेताना त्यांच्याच भाष्यांचा आधार घेतला. १२७० व १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने निषिद्ध ठरविलेल्या विधानांत या परंपरेशी जोडलेली अनेक मते होती. कॉर्दोबात ज्यांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला, त्यांच्याच विचारांवर सुमारे ऐंशी वर्षांनी पॅरिसमध्येही बंदी आली.

अरब जगात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्याविषयीचे कुतूहल पुन्हा वाढले. १९०३ मध्ये फरह अंतून यांनी त्यांच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मांडणीवरून इजिप्तचे धर्मसुधारक मुहंमद अब्दुह यांच्याशी त्यांचा गाजलेला वाद झाला. धर्म, विज्ञान आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांविषयीच्या अरबी चर्चेत इब्न रुश्द यांचे नाव तेव्हापासून सातत्याने येत राहिले आहे.