पदवीविना प्राध्यापक

इंग्लंडातील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी जॉर्ज बूल याचा जन्म झाला. त्याचे वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. पण त्यांचे चित्त धंद्यापेक्षा गणितात आणि दुर्बिणी बनविण्यात अधिक रमे. त्यामुळे घरात विद्येची आवड होती, पैसा मात्र नव्हता. लॅटिनचे पहिले धडे जॉर्जला गावातील एका पुस्तकविक्रेत्याने दिले. ग्रीक, फ्रेंच व जर्मन या भाषा तो स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने केलेले एका ग्रीक कवितेचे भाषांतर गावच्या वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा एवढ्या लहान मुलाच्या हातून असे काम झाले यावर एका शिक्षकाचा विश्वासच बसेना.

पुढे वडिलांचा धंदा बसला. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर येऊन पडला. त्याच्यापाशी ना पदवी होती, ना अध्यापनाचे प्रमाणपत्र. तरीही १८३१ मध्ये डॉनकॅस्टर येथील एका शाळेत त्याला साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. एकोणिसाव्या वर्षी तर त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात तो लाग्रांज व लाप्लास या थोर गणितज्ञांचे ग्रंथ अभ्याशी. अडलेले समजावून सांगणारा कोणी नसल्यामुळे प्रगती सावकाश होई. पण एकदा उमगलेले पक्के होई.

लवकरच बूल यांचे लेख केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागले. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी, असा विचारही त्यांच्या मनात आला. परंतु शाळा बंद केली तर आईवडिलांचा योगक्षेम कसा चालावा? बूल यांनी पदवीची आशा सोडली. अभ्यास मात्र सोडला नाही. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १८४९ मध्ये आयर्लंडातील कॉर्क येथील नव्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी म्हणून ज्यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही, ते अध्यापक म्हणून ती चढले.

तर्काचे नियम बीजगणिताप्रमाणे चिन्हांनी मांडता येतात, हे त्यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. भारताचे सर्व्हेअर जनरल असलेले जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचेच नाव दिलेले आहे.

१८६४ च्या नोव्हेंबरात एके दिवशी बूल सुमारे तीन मैल भर पावसात चालत कॉलेजात गेले. विद्यार्थी खोळंबू नयेत म्हणून त्यांनी ओल्या कपड्यांनीच व्याख्यान दिले. त्यातून दुखणे जडले आणि ८ डिसेंबर रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने बूल यांचे बीजगणित विजेच्या मंडलांना लावून दाखविले. आजचे संगणक त्याच पायावर उभे आहेत. प्रमाणपत्र नसलेल्या त्या शिक्षकाची विद्या अशी साऱ्या जगाच्या कामी आली.