केरूनाना छत्रे

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. पावसाळ्यात नद्यांस मोठा पूर आला म्हणजे 1757 साली पुरा झालेला तो विटांचा तट जवळजवळ पाण्याने वेढला जातो. अशा दिवशी गावात जो तो पाऊस किती पडला म्हणून विचारीत असतो, आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकावरचा आकडा लवकरच सर्वांस ठाऊक होतो. मुलांनो, पाऊस मोजावा, उष्णता मोजावी, हवेचा दाब रोज ठरल्या वेळी टिपून ठेवावा, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. परंतु आपल्या लोकांपैकी हे काम ज्यांनी प्रथम हाती घेतले, त्यांत एक पंधरा वर्षांचा मुलगा होता.

त्याचे नाव विनायक लक्ष्मण छत्रे. पण सारे त्यास केरो लक्ष्मण आणि पुढे प्रेमाने केरूनाना म्हणू लागले. त्यांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागेजवळ नागाव येथे झाला. आईबाप लहानपणीच वारले आणि पोरका केरो मुंबईस चुलत्यांच्या आश्रयास आला. एल्फिन्स्टन विद्यालयात ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. बाळशास्त्री जांभेकरही तेथेच अध्यापक होते. या मुलाची गणितातील गती ऑर्लेबारसाहेबांच्या नजरेत भरली. कुलाब्याची वेधशाळा त्यांच्याच देखरेखीखाली होती. 1840 साली त्यांनी केरोस दरमहा पन्नास रुपयांवर तेथे नेमून घेतले.

कुलाब्याचे काम मोठे नेटाचे होते. पारा किती चढला, हवेचा दाब किती, वारा कोठून वाहतो, दोऱ्यास टांगलेली लोहचुंबकाची सूची रेसभर तरी हलली की नाही, हे सारे नेमल्या वेळी पाहून वहीत लिहावयाचे; मग रात्र असो, वादळ असो की सण असो. एखादी नोंद चुकली तर ती मागाहून भरता येत नाही, कारण गेलेला क्षण पुन्हा मोजता येत नाही. त्या काळी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा शोध घेण्यासाठी जगात ठिकठिकाणी अशाच वेधशाळा स्थापन झाल्या होत्या आणि सर्वांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. मुंबईच्या टोकावर कंदिलाच्या उजेडात सूची वाचणारा हा तरुण नकळत साऱ्या पृथ्वीच्या मोजणीत सामील झाला होता. त्याने हे काम सुमारे दहा वर्षे केले. कोणास हा काळ रुक्ष वाटेल. मला मात्र नानांचे खरे शिक्षण येथेच झाले असे वाटते.

1851 साली ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. मराठीत शास्त्रीय पुस्तके तेव्हा फार थोडी होती. नानांनी अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर विद्यार्थ्यांस समजतील अशी पुस्तके लिहिली. हवा, भरतीओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर लेख लिहिले. पुढे ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक तेथे त्यांच्या हाताखाली गणित शिकले. अकोल्याच्या शाळेतून गेलेले गोपाळ गणेश आगरकरही त्याच काळात त्या कॉलेजात होते.

नानांना खरा विरोध झाला तो पंचांगाच्या कामी. आपल्याकडील पंचांगे बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून करीत. तो ग्रंथ कोकणातीलच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली रचला होता. ग्रंथ उत्तम, परंतु घड्याळ रोज थोडे मागे पडत गेले तर वर्षअखेरीस बराच फरक दिसतो, तसे येथे झाले. तीनशेहून अधिक वर्षांत बारीक चुका साचल्या आणि पंचांगातले ग्रह व आकाशातले ग्रह यांची फारकत झाली. नानांनी नव्या वेधांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत तयार करून 1860 साली प्रसिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने त्यावरून नवे पंचांगही निघू लागले. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापासून धरला. त्यामुळे या पंचांगात संक्रांत इतरांहून सुमारे चार दिवस आधी येऊ लागली आणि कधी कधी अधिक महिनाही निराळा पडू लागला. शेजाऱ्याच्या घरी तिळगूळ वाटण्याचा दिवस एक आणि आपल्या घरी दुसरा, हे लोकांस कसे रुचावे? फार थोड्यांनी ते पंचांग मानले. ताऱ्याच्या निवडीविषयी विद्वानांतही मतभेद होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण गणित आकाशाशी जुळले पाहिजे, हा आपला आग्रह नानांनी सोडला नाही. पुढे टिळकांनी हीच बाजू उचलून धरली आणि तिच्यावरून टिळक पंचांग सुरू झाले.

सूर्यबिंबावरील काळे डाग हा त्यांच्या आवडीचा दुसरा विषय. हे डाग सुमारे 11 वर्षांच्या अंतराने वाढतात व कमी होतात. त्यांचा पृथ्वीवरील हवापाण्याशी संबंध असावा काय, याचा नानांनी विचार चालविला होता. 1876 ते 1878 या वर्षांत दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहिला नाही. पाऊस आधी कळला तर माणसे वाचतील, अशी आशा तेव्हा अनेक शास्त्रज्ञांस वाटत होती. डागांवरून पाऊस सांगता येतो असे पुढे सिद्ध झाले नाही. परंतु डाग वाढले म्हणजे पृथ्वीवरील चुंबकसूची अधिक अस्वस्थ होते, हे मात्र पक्के ठरले आहे.

1877 साली सरकारने नानांस रावबहादूर ही पदवी दिली; 1879 साली ते सेवानिवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी एक मौज घडली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार होत्या आणि विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या सूचीस उपद्रव होणार, हे उघड होते. म्हणून 1904 साली चुंबकीय वेधांसाठी दुसरी वेधशाळा बांधण्यात आली. तिच्यासाठी जागा निवडली ती अलिबागची. नानांचे नागाव तेथून थोड्याच अंतरावर आहे, आणि त्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद आजही रोज होत असते.