थव्यातला जखमी मासा

मासे आवडीने खाणारी माणसे आपल्याकडे घरोघरी सापडतील. बाजारात उभे राहून माशाचे कल्ले उचलून पाहणारी आणि ताजेपणा एका नजरेत ओळखणारी गृहिणी तर कोकणपट्टीत प्रत्येक आळीत असते. पण पाण्यातला मासा काय पाहतो, कशाला भुलतो, कशावर चिडून धावतो, याचा विचार आयुष्यभर करीत बसलेली माणसे थोडी. त्यांतल्या एकाची ही हकीकत. त्याचे नाव लाउरी रापाला. गळाने मासे पकडण्याचा छंद असलेल्यांना, मग ते अमेरिकेतले असोत, जपानमधले असोत की आपल्या खाडीकाठचे असोत, हे नाव चांगले ठाऊक असते. फक्त बहुतेकांना ते एका कंपनीचे नाव वाटते. त्या नावामागे सात मुलांचा एक गरीब बाप होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

लाउरीचा जन्म २८ नोव्हेंबर १९०५ रोजी फिनलंडमधल्या सिस्मा या गावी झाला. फिनलंड तेव्हा स्वतंत्र नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. स्वातंत्र्य मिळाले ते १९१७ साली. लाउरी लहान असतानाच त्याची आई मारी त्याला घेऊन शेजारच्या असिक्कला परगण्यात राहायला गेली. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत नावे लिहिताना पाद्रीबुवांना मारीचे आडनाव काही आठवेना. तेव्हा ती ज्या वस्तीतून आली होती, तिचेच नाव त्यांनी आडनाव म्हणून लिहून टाकले, असे त्या घराण्यात सांगतात. ते नाव रापाला. फिनिश भाषेत या शब्दाचे नाते चिखलाशी आहे. एका गरीब बाईचे आडनाव लक्षात ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि तिच्या मुलाच्या कपाळी कायमचा चिखल आला.

फिनलंड हा सरोवरांचा देश. लहानमोठी मिळून तिथे सुमारे १,८८,००० सरोवरे आहेत. त्यांतले पॅइयॅन्ने हे आकाराने दुसऱ्या क्रमांकाचे. लाउरीचे आयुष्य याच पाण्याच्या काठी गेले. १९२८ साली त्याने एल्मा लेप्पॅनेन हिच्याशी लग्न केले. पुढची वर्षे जागतिक मंदीची होती. हिवाळ्यात सरोवरे गोठली की लाउरी जंगलात लाकूडतोडीला जायचा, एरवी दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, आणि उन्हाळ्यात मासेमारी करायचा. घरात खाणारी तोंडे वाढत चालली होती. मुले झाली एकूण सात.

त्याच्या मासेमारीची पद्धत समजावून घेतली तर पुढचे सारे कळते. लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे, प्रत्येक गळाला जिवंत किंवा मेलेले आमिष लावायचे, दोरी पाण्यात सोडायची, आणि सकाळी ती ओढून काढायची. आमिषासाठी छोटे मासे आधी पकडावे लागत. म्हणजे मासे पकडण्यासाठी आधी मासे पकडा, ते गळाला टोचा, मग पुन्हा वल्ही मारा. जे टोचले त्यातले पुष्कळसे वाया जाई. मैलोन्‌मैल नाव वल्हवायची आणि संध्याकाळी हाती किती लागले त्यावर घरच्या चुलीचा हिशेब. गरिबाचा वेळ फुकट असतो असे बाकीच्यांना वाटते. गरिबाला मात्र त्याची किंमत पुरती ठाऊक असते.

या कष्टांतून त्याला एक गोष्ट मिळत गेली. ती म्हणजे पाण्याकडे पाहण्याची संधी. नाव वल्हवताना, दोरी सोडताना तो पाहत राहिला. आपल्याकडे बगळ्याच्या स्तब्धतेला आपण ढोंग ठरवले आणि 'बकध्यान' हा शब्द शिवीसारखा वापरायला लागलो. पण भुकेल्या बगळ्याइतके खरे ध्यान दुसऱ्या कोणाचे असते?

लाउरीला दिसले ते असे. बारीक माशांचा थवा एका लयीत पोहत असतो. मोठा शिकारी मासा खालून त्यावर धाव घेतो. समोर शेकडो मासे असताना तो त्यांच्यातला एकच निवडतो. जो किंचित डगमगतो, ज्याची चाल बाकीच्यांपेक्षा थोडी वाकडी आहे, जो जखमी किंवा दुबळा आहे, त्याच्यावरच झडप पडते. शिकाऱ्याला श्रम वाचवायचे असतात. जो पळू शकणार नाही तो त्याला थव्यातून नेमका कळतो.

हे दृश्य त्या सरोवराच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या किती जणांनी पाहिले असेल! लाउरीने त्यावर पुढचा प्रश्न विचारला. असा डगमगणारा मासा लाकडाचा करता आला तर? मग आमिषाचे मासे पकडायला नकोत, ते टोचायला नकोत, आणि एकच आमिष दिवसभर, महिनाभर चालेल.

१९३६ साली त्याच्या मनासारखा पहिला खोटा मासा तयार झाला. त्याची सामग्री ऐकण्यासारखी आहे. अंग बुचाचे. ते कोरायला चांभाराचे पाते, म्हणजे आपल्याकडची रापी. गुळगुळीत करायला पॉलिश पेपर. वरून चमक यावी म्हणून चॉकलेटच्या वेष्टणातला चंदेरी कागद, आपली मुले ज्याला नुसते 'चांदी' म्हणतात तो. आणि पाणी आत शिरू नये म्हणून वर चढवायला लाखेचे रोगण परवडेना, तेव्हा फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप. तोंडाशी एक छोटी पट्टी बसवली. ओढले की पाणी तिच्यावर आदळते, मासा खाली बुडी मारतो आणि दोन्ही बाजूंना डगमगत पुढे सरकतो. पाठ काळी, कुशी सोनेरी, पोट पांढरे. पॅइयॅन्नेमधल्या बारीक माशाचे हुबेहूब रूप.

पण रूप हा सोपा भाग होता. अवघड होती ती चाल. बाजारात तेव्हाही धातूची आणि लाकडाची आमिषे मिळत होती.  लाउरीचा मासा आजारी होता, आणि तेच त्याचे सामर्थ्य होते.

याची एक साक्ष माझ्याच घरात मिळाली. माझ्या मेव्हण्याने काही वर्षांपूर्वी मिनिआपोलिसहून येताना रापालाचा एक तरंगता मासा माझ्यासाठी आणला. मी खाडीकाठचा. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. माझे एक काका जन्मभर कोळंबी लावून तांबोशी गरवत आले. इंग्रजी खेळण्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तो मासा दोरीला बांधून धक्क्याच्या बाजूने पाण्यातून दोनदा ओढला, डोळे बारीक करून पाहिले, आणि हा बिचारा दुखणाईत दिसतो, असे म्हणून माझ्याकडे परत दिला. पॅइयॅन्नेचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते. पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाला पाण्याची भाषा कुठेही कळते, एवढेच मी त्यातून समजलो.

लाउरीच्या आमिषाची कीर्ती आधी शेजारीपाजारी पसरली. मागणी येऊ लागली तशी बायकोमुले कामाला लागली. कोरणे, घासणे, रंगवणे, सारे घरातच. मध्ये युद्ध आले. १९३९ ते १९४४ या काळात फिनलंड दोनदा सोव्हिएत रशियाशी लढला. युद्धानंतर बूच मिळेनासे झाले तेव्हा लाउरीने पाइनच्या झाडाची साल कोरून पाहिली; पुढे बाल्साचे हलके लाकूड आले. मुले हाताशी आली, त्यांनी यंत्रे आणली. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक सामने झाले आणि त्या निमित्ताने आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या सामानातून हे मासे बाहेरच्या जगात गेले.

१९५९ साली मिनिआपोलिसमधल्या रॉन वेबर या मासेमारीच्या सामानाच्या विक्रेत्याला त्यांची ओळख झाली. त्याने आणि रे ऑस्ट्रम या दुकानदाराने फिनलंडशी पत्रव्यवहार करून माल मागवला. पहिली मागणी काही शेकड्यांचीच. मग घडला तो निव्वळ योगायोग. 'लाइफ' या साप्ताहिकाने १७ ऑगस्ट १९६२ च्या अंकात या आमिषावर लेख छापला. त्याच महिन्यात मेरिलिन मन्रो हिचा मृत्यू झाला होता, आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर तीच होती. अंकावर साऱ्या अमेरिकेच्या उड्या पडल्या. एका नटीचे दुःखद मरण वाचायला घेतलेल्या अंकात लाखो लोकांनी एका फिनिश कोळ्याची हकीकत वाचली. मग मागण्या अशा आल्या की घरातले कारखानदारीचे दिवस संपले आणि मोठा कारखाना उभारावा लागला.

अमेरिकेत हे आमिष ज्या माशासाठी सर्वांत जास्त गाजले, त्यांतला एक म्हणजे बास. मोठ्या तोंडाचा हा मासा लाउरीच्या थंड सरोवरात नव्हता. तो उत्तर अमेरिकेचा रहिवासी. पाणवनस्पतींच्या आडोशाला, बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरून बसतो, आणि भक्ष्य टप्प्यात आले की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. विणीच्या काळात नर घरट्यावर पहारा करतो आणि भूक नसतानाही जवळ येणाऱ्यावर तुटून पडतो. आपल्याकडची मरळ पिल्लांच्या घोळक्याभोवती राखण करते, तसाच हा.

बाससाठी हे आमिष वापरण्याची रीत साधी आहे, पण तिला धीर लागतो. कमळाच्या पानांच्या कडेला ते टाकायचे आणि काहीच करायचे नाही. पाण्यावरची वलये विरून जाऊ द्यायची. मग काठीच्या टोकाने अगदी हलका झटका, की मासा थरथरतो. पुन्हा थांबायचे. पुष्कळदा झडप पडते ती या थांबण्यात. पाणी थंड असेल तर ओढ आणखी संथ ठेवायची, कारण थंडीत बासही आळसावतो. दोरी आमिषाला घट्ट आवळून बांधली तर त्याची चाल मरते. म्हणून सैल फास ठेवून गाठ मारतात. आणि आमिष डावीकडे ओढ घेत असेल, तर पुढची दोरीची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवली की ते पुन्हा सरळ मार्गावर डगमगू लागते. सरळ जाऊनही डगमगणे, ही सारी कसरत त्या एका कडीवर अवलंबून असते.

म्हणूनच लाउरीने एक शिस्त घालून दिली. प्रत्येक आमिष पाण्याच्या टाकीत ओढून, चाल बघून, हाताने जुळवून मगच बाहेर पाठवायचे. कारखान्यात हजारो नग बनू लागले तरी ही रीत टिकली. शेकड्यातले दोनचार तपासून बाकीच्यांवर शिक्का मारणे कोणालाही सुचले असते. पण ज्याने कधीकाळी एकाच आमिषावर दिवसाची भाकरी लावलेली असते, त्याला न पाहता माल देववत नाही.

लाउरी रापाला २० ऑक्टोबर १९७४ रोजी वारला. त्याच्या हयातीतच त्याच्या आमिषाचे प्रयोजन बदलले होते. १९६७ साली रे स्कॉट याने अमेरिकेत बास पकडण्याच्या मोठ्या स्पर्धेला सुरुवात केली, आणि १९७२ पासून पकडलेले मासे मारू नका, परत पाण्यात सोडा, असा आग्रह धरला. आज लाखो लोक सुट्टीच्या दिवशी जातात, मासा पकडतात, वजन करतात आणि सोडून देतात. सात मुलांची पोटे भरण्यासाठी जी वस्तू कोरली गेली, ती आता पोट भरलेल्यांच्या हाती आहे.

कधी कधी मला याचे वाईट वाटते. कधी वाटते, यात वाईट काय? गळातून सुटलेला मासा पाण्यात परत जातो, आणि बापाच्या शेजारी तासभर गप्प बसलेले पोर पाण्याकडे पाहायला शिकते. मात्र त्या पोराला कोणीतरी हेही सांगावे, की हातातले हे रंगीत खेळणे कोणाच्या तरी भुकेतून जन्माला आले आहे.

आणि एक विचार मला सोडत नाही. थव्यातला नेमका दुबळा मासा लाउरीलाच का दिसला? धडधाकट माणूस थवा पाहतो, थव्याची चमक पाहतो. ज्याच्या आईचे आडनावही नोंदवहीत नीट उतरले नाही, ज्याच्या घरावर दर हिवाळ्यात उपासमारीची सावली येत होती, त्याला डगमगणाऱ्याची चाल ओळखीची वाटली असेल का? हे सिद्ध करता येणार नाही. पण पाद्रीबुवांनी घाईने लिहिलेले ते चिखलाचे नाव आज जगभरच्या पाण्यांत, लाखो आमिषांच्या अंगावर छापलेले तरंगते आहे, ही गोष्ट खरी आहे.