संत गोरोबाकाका

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे यंदा मंडळात ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढाया आणि तहनामे लिहिणे मला जमायचे नाही. परंतु ज्यांच्या जातभाईंच्या हातच्या वस्तू आपल्या घरात जन्मापासून मरणापर्यंत लागतात, त्या कुंभारांतले एक संत, तेर गावचे गोरोबाकाका, यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. उन्हाळ्यात पाण्याचा माठ, संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेची पितरांची घागर, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या, पोळ्याचे मातीचे बैल, लग्नातली मडकी आणि शेवटी खांद्यावरचे मडके. एवढे सारे देणाऱ्या माणसाला आपण भाव करून पैसे देतो, पण त्याचे काम काय असते ते पाहायला क्वचितच थांबतो. गोरोबाकाकांचे चरित्र कळायचे तर आधी ते काम कळले पाहिजे, असे मला वाटते.

तेर हे गाव मराठवाड्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद. २०२३ सालापासून त्याचे नाव धाराशिव झाले आहे. हे लहानसे गाव एके काळी मोठे व्यापारी नगर होते. तेव्हा त्याला तगर म्हणत, आणि इथला माल बैलगाड्यांवरून पश्चिमेच्या बंदरांना जाऊन समुद्रापार रोमपर्यंत पोचत असे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय तेथे आहे. त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सातवाहन काळच्या मातीच्या बाहुल्या, मूर्ती आणि भांडी ठेवलेली आहेत. गावातले त्रिविक्रमाचे प्राचीन देऊळही भाजक्या विटांचे आहे. म्हणजे गोरोबांचा जन्म झाला तेव्हाच तेरच्या मातीला हजार वर्षांहून अधिक काळ घडविणाऱ्या हातांची सवय होती. तीच माती त्यांच्या वाट्याला आली.

गोरोबांचा जन्म इसवी सन १२६७ चा मानतात. वडील माधवबुवा आणि आई रखुमाई, दोघेही विठ्ठलाचे भक्त. त्यांची आठ मुले गेली होती, असे सांगतात. देवाच्या कृपेने गोरीतून, म्हणजे पुरलेल्या जागेतून, परत मिळालेला हा मुलगा, म्हणून त्याचे नाव गोरा ठेवले, अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म १२७५ चा आणि नामदेव महाराजांचा १२७० चा. त्या संतमंडळीत गोरोबा वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. आजही वारकरी त्यांना गोरोबाकाका असेच म्हणतात.

आता त्यांच्या कामाविषयी. आपल्याकडच्या एका कुंभारीण बाईंच्या अंगणात बसून मी हे काम पाहिले आहे, आणि त्यांना विचारून घेतले आहे. चाक फिरविणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते, परंतु चाकावरचे काम सर्वांत थोड्या वेळाचे. आधी माती खणून गाढवावर आणायची. ती वाळवायची, कुटायची, चाळून खडे काढायचे. तिच्यात राख आणि लीद मिसळायची, म्हणजे वाळताना आणि भाजताना भांडे तडकत नाही. मग पाणी घालून ती मुरू द्यायची. त्यानंतर पायांनी तुडवायची. ही तुडवणी सर्वांत कष्टाची. मातीत हवेचा एक बुडबुडा किंवा एक कोरडी गाठ राहिली, तरी पुढे भांडे हातात येत नाही. तुडवणाऱ्याचे पाय एका तालात पडत राहतात आणि माती केव्हा तयार झाली ते त्याला तळपायाला कळते.

मग तो गोळा चाकावर येतो. काठीने चाकाला वेग द्यायचा आणि दोन्ही हातांत माती धरून तिला वर काढायचे. गळा आणि काठ चाकावर नीट होतात, पण पोट जाड आणि बेढबच राहते. दोऱ्याने कापून भांडे उतरवतात, थोडे सुकू देतात, आणि मग थापटणे हाती घेतात. आतून गोल दगडाचा आधार धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने हलके हलके ठोकत जायचे. असे ठोकता ठोकता माठाचे पोट गोल आणि पातळ होते. आतला हात नसेल तर बाहेरच्या माराने मडके फुटेल. बाहेरचा मार नसेल तर त्याला आकार येणार नाही. त्यावर गेरूचा हात, सावलीत वाळवणे, आणि शेवटी आवा. गोवऱ्या, कुटार, पऱ्हाट्या यांच्या थरांत भांडी रचायची, वरून राख-मातीचे आवरण द्यायचे आणि आग लावायची. पुढे कुंभाराच्या हाती काही नसते. आवा उघडेपर्यंत वाट पाहायची.

या कामात बाईचा वाटा किती, हेही मला त्या अंगणात कळले. चाकावर पुरुष बसतो, पण माती चाळणे, पाणी आणणे, रंग देणे, आवा रचायला हात लावणे आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसणे, यांत बाई असतेच. तेव्हा गोरोबांच्या घरचे प्रत्येक मडके हे त्यांची पत्नी संती हिचेही होते, असे म्हणायला हरकत नाही.

आता ती प्रसिद्ध आख्यायिका. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या भक्तविजयात ती आहे आणि कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. संती लेकराला अंगणात ठेवून पाण्याला गेली. गोरोबा माती तुडवीत होते. पायांचा ताल धरला गेला, मुखी विठ्ठलाचे नाम आले आणि भान हरपले. लेकरू रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायांखाली गेले. संती परत आली तेव्हा माती लाल झाली होती.

कीर्तनात ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. कीर्तनकार पुढे जातात, पण समोर बसलेल्या बायकांचे मन तिथून हलत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. माझेही हलत नाही. ज्या आईला पाणी आणायला जायचे आहे, ती लेकराला घरच्या माणसाच्या भरवशावर ठेवणार नाही तर कुणाच्या? संतीने आक्रोश केला आणि विठ्ठलाला नाही नाही ते बोलली. गोरोबा तिच्यावर धावून गेले. तेव्हा आपल्याला शिवाल तर विठ्ठलाची शपथ आहे, असे तिने त्यांना बजावले. गोरोबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. वंश बुडेल म्हणून पुढे संतीनेच आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. सासऱ्यांनी लग्नात दोघींना सारखेच वागविण्याची शपथ घातली, तेव्हा गोरोबा दोघींपासूनही सारखेच दूर राहिले. एका रात्री दोघी बहिणींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर शपथ मोडली असे जाणून गोरोबांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

भगिनींनो, कुंभाराचे हात जाणे म्हणजे काय, याचा विचार करा. ज्या हातांना मातीची ओल, जाडी आणि ताण कळतो ते हातच गेले. चाक उभे राहिले. आख्यायिका सांगते की तेव्हा स्वतः पांडुरंग कुंभाराच्या वेषाने त्यांच्या घरी राहिले आणि मडकी घडवू लागले. मला या भागाचे फार कौतुक वाटते. देवाने सोन्याची रास ओतली नाही, माती तुडविली आणि चाक फिरविले. गोरोबांच्या घरी देवालाही कामच करावे लागले.

पुढे आषाढीला गोरोबा दोघी पत्नींसह पंढरपुरास गेले. नामदेवांचे कीर्तन चालले होते. सर्वांनी हात उंचावून टाळी वाजवावी असे नामदेवांनी म्हणताच गोरोबांनी थोटे हात वर केले, आणि त्यांना पुन्हा हात फुटले. मग संतीने देवापाशी आपले लेकरू मागितले आणि तेही रांगत तिच्याकडे आले. ही कथा इतकी वर्षे लोकांनी का जपली, याचा मी विचार करते. मला असे वाटते की लेकरू परत आल्यावाचून ती पुरी होत नाही, हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक होते. नुसते हात परत मिळून गोरोबांची भक्ती पूर्ण ठरली असती, पण संतीचा हिशेब बाकी राहिला असता. ज्या संतीने विठ्ठलाला बोल लावला, तिचेच मागणे विठ्ठलाने ऐकले. आईचा राग हा देवाचा अपराध नव्हे, असा त्याचा अर्थ मी घेते.

दुसरी आख्यायिका मडक्यांच्या परीक्षेची. सर्व संत गोरोबांच्या घरी जमले असताना मुक्ताबाईंचे लक्ष थापटण्याकडे गेले. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. कच्चे कोणते आणि पक्के कोणते ते याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग माणसांचीही परीक्षा करावी, असे मुक्ताबाईंनी सुचविले. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर ठोकत निघाले. सारे शांत बसले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला.

ही परीक्षा आपल्याला नवी नाही. बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवल्याशिवाय आपण पैसे काढतो का? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. कच्चे आणि पक्के यांतला फरकही आपल्याला ठाऊक आहे. नुसत्या वाळलेल्या मडक्यात पाणी घातले तर ते विरघळून पुन्हा चिखल होते. आव्यात मात्र मातीच्या कणांत मुरलेले पाणीसुद्धा निघून जाते, कण एकमेकांना धरतात, आणि मग ती माती कधीही पुन्हा चिखल होत नाही. भाजून निघाल्यावरही माठाला बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते, आणि म्हणून आतले पाणी थंड होते. पक्के होणे म्हणजे दगड होणे नव्हे. पक्का माठ पाझरतो, म्हणूनच दुसऱ्याची तहान भागवतो.

नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलानेही गोरोबांचाच निवाडा खरा धरला आणि त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे पाठविले. तेथे त्यांना गुरू भेटले. हेच नामदेव पुढे पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. कच्चे म्हटल्याने मडके फेकले गेले नाही, पुन्हा आव्यात गेले. आपल्या लेकीसुनांचे दोष काढताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गोरोबांच्या नावाचे वीसेक अभंग आज मिळतात. पोथ्या घोकून आलेले ते ज्ञान नव्हे. तुडवताना धीर, चाकावर स्थिर हात, थापटताना आतून आधार आणि आव्यापुढे वाट पाहणे, हे रोज करता करता त्यांना जे कळले, तेच त्यांनी देवाविषयी आणि माणसांविषयी सांगितले. त्यांची शाळा अंगणात होती. आपलीही चुलीपुढे आणि परसात आहे, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली समाधी घेतली. त्यानंतर गोरोबाकाका आणखी एकवीस वर्षे होते. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी तेर येथे देह ठेवला. तेथे त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी त्या दिवसांत वारकऱ्यांची गर्दी होते.

आता आपल्या घाटंजीतही घरोघरी फ्रीज आले आहेत, आणि माठ कोपऱ्यात गेला आहे. कुंभारांची मुले दुसऱ्या कामाला लागली, त्यांना बोल लावता येत नाही. तरी या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाची सुगडी आपण गावच्या कुंभारीण बाईंकडूनच घ्यावीत आणि भाव करू नये, अशी माझी सूचना आहे. शिवाय त्या बाईंनाही हळदीकुंकवाला बोलवावे. सुगडे हाती घेताना त्यात एका बाईची चाळलेली माती आणि तिने भरलेले पाणी आहे, एवढे आठवले तरी गोरोबाकाकांचे आणि संतीचे स्मरण झाले असे मी समजेन.