बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून, १८९० – १६ जानेवारी, १९५४) हे कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार आणि मूकपटांच्या काळातील एक अग्रगण्य निर्माते-दिग्दर्शक होते. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच चलच्चित्रणाचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांसारख्या पुढे नावारूपास आलेल्या कलावंतांना आपल्या हाताखाली तयार केले. कलामहर्षी या उपाधीने ते ओळखले जातात.

जन्म आणि पार्श्वभूमी

बाबूरावांचा जन्म कोल्हापुरात कारागिरांच्या घराण्यात झाला. वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकाम आणि घडीव काम करीत. लाकूड तासणे, धातू घासणे, मापे बसवणे ही कामे घरातच चालत असल्याने हत्यारे मुलाच्या हाती लहानपणीच आली. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले आणि चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात ते गेले नाहीत. रेखाटन, रंगकाम आणि मूर्तिकाम त्यांनी घरी, निरीक्षणाने व सरावाने आत्मसात केले. पेंटर हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे. नाटकांचे पडदे रंगवण्याच्या व्यवसायामुळे ते आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री यांना लोक पेंटर म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले.

त्या काळचे कोल्हापूर हे कलावंताला पोसणारे गाव होते. १८९४ साली गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्ल, गवई, नट आणि चित्रकार या सर्वांना आश्रय दिला. अल्लादियाखाँसारखे गायक दरबारी होते. पॅलेस थिएटर आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान याच राजवटीत उभे राहिले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून परतलेले आबालाल रहिमान हे बाबूरावांचे ज्येष्ठ समकालीन. कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात हिंडून निसर्गचित्रे रंगवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. नाटक मंडळीचा पडदा, देवाची मूर्ती, सरदाराचे व्यक्तिचित्र आणि तालमीतला मल्ल यांच्यात या गावात फारसे अंतर नव्हते. बाबूरावांच्या पुढील कामाचा उलगडा या परिसराकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

नाटकांचे पडदे

१९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव यांची जोडी पश्चिम भारतातील नेपथ्यचित्रणात आघाडीवर होती. केशवराव भोसले यांच्या नाटक मंडळीसाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांची वाहवा झाली. संगीत नाटकाच्या त्या वैभवाच्या दिवसांत पडदा उघडताच दिसणारा राजवाडा, उपवन किंवा रस्ता हा प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय असे. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करायचा, तर यथादर्शनाची अचूक जाण हवी. रंगमंचावरील दिव्यांचा प्रकाश कोणीकडून पडेल हे ध्यानात घेऊन चित्रातील सावल्या टाकाव्या लागत. छायाप्रकाशाचे हे शिक्षण बाबूरावांना पुढे चित्रपटात उपयोगी पडले. याच काळात देवदेवतांची तैलचित्रे आणि व्यक्तिचित्रेही त्यांच्या कामशाळेत तयार होत असत. पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल हे तरुण याच कामशाळेत सहकारी म्हणून आले.

कॅमेऱ्याची घडण

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला. तो पाहून आनंदराव आणि बाबूराव दोघेही भारावून गेले. हलणारे चित्र ही त्यांच्या दृष्टीने पडद्याचीच पुढची पायरी होती. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुने प्रक्षेपणयंत्र आणले आणि चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. या व्यवसायातून यंत्राचे अंतरंग उलगडले, आणि मिळकतीपेक्षा हा लाभ मोठा ठरला.

फाळक्यांनी कॅमेरा इंग्लंडहून आणला होता. कोल्हापूरच्या कारागिरांजवळ तेवढे भांडवल नव्हते आणि १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धामुळे परदेशी माल मिळणेही कठीण झाले. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनवण्याचे ठरले. प्रक्षेपणयंत्रात फिल्म एकेका चौकटीने पुढे सरकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सरकते. कॅमेऱ्यातही तेच घडते, फक्त प्रकाश उलट दिशेने, बाहेरून आत येतो. फिल्मच्या कडेची भोके पकडून ती नेमकी तितकीच ओढणारा दाता, फिल्म सरकत असताना भिंगाआडचा प्रकाश अडवणारी झडप, आणि हाताने फिरवायच्या दांड्याला या दोन्हींशी जोडणारी चक्रे, असा हा सारा मामला. केसभर चूक झाली तरी चित्र थरथरते. हे भाग कोल्हापुरातच घडवण्याचा उद्योग दीर्घकाळ चालला.

१९१६ साली, कॅमेरा अपुरा असतानाच, आनंदरावांचे अकाली निधन झाले. या उद्योगाची मूळ प्रेरणा मुख्यतः त्यांचीच होती. बाबूरावांनी काम सोडले नाही. यंत्रविद्येत गती असलेल्या दामल्यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी कॅमेरा पुरा केला. ज्यांनी कॅमेऱ्याचा कारखाना कधी पाहिला नव्हता, त्यांनी केवळ एका जुन्या यंत्राच्या आधारे हे साधले. भारतीय तंत्रेतिहासात या घटनेची नोंद व्हावी तितकी झालेली नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि सैरंध्री

कॅमेरा तयार झाला तरी चित्रपट काढण्यासाठी पैसा हवा होता. तो कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी पुरवला. एका गायिकेच्या पैशातून आणि पडदे रंगवणाऱ्यांच्या श्रमांतून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला शाहू महाराजांचा आश्रयही लाभला.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री हा ७ फेब्रुवारी, १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कीचकवधाचे हे कथानक मराठी प्रेक्षकांना नवे नव्हते. याच कथेवरील कृ. प्र. खाडिलकर यांच्या नाटकावर त्यातील राजकीय रूपकामुळे सरकारने १९१० साली बंदी घातली होती. भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव आणि कीचकाच्या भूमिकेत झुंझारराव पवार होते. स्त्रीभूमिकांसाठी बाबूरावांनी पुरुषांना लुगडी नेसवली नाहीत. गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांनी अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी त्या केल्या. चित्रपटात काम करणे हे नाटकात काम करण्याहूनही हलके समजले जाण्याचा तो काळ होता.

कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले की ते पाहून प्रेक्षक हादरले. नुकत्याच अस्तित्वात आलेल्या चित्रपट परीक्षण व्यवस्थेने या दृश्यास हरकत घेतली आणि ते काढून टाकावे लागले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळकांचे निधन झाले.

कामाची पद्धत

बाबूरावांची कंपनी ही मुळात चित्रकाराची कामशाळाच होती. चित्रणापूर्वी ते पात्रांची वेशभूषा, अंगस्थिती आणि प्रसंगांची मांडणी रेखाटून काढीत. नट, नेपथ्यकार आणि छायाचित्रणकार यांच्यापुढे प्रसंग प्रथम चित्ररूपाने येई. रंगवलेल्या पडद्यावर नाव मिळवलेल्या या माणसाने चित्रपटातून मात्र पडदा हटवला आणि त्याच्या जागी लांबी-रुंदी-खोली असलेले घडीव देखावे उभे केले. सपाट पडदा रंगमंचावर खपून जातो, कॅमेऱ्यापुढे उघडा पडतो, हे त्यांनी वेळीच ओळखले.

ह. ना. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या सिंहगड (१९२३) या चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर चित्रण प्रायः सूर्यप्रकाशावरच अवलंबून असे. सिंहगडला लोटलेली गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

जाहिरातीचे कामही त्यांनी परक्या हाती दिले नाही. चित्रपटाची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत आणि कथानक व छायाचित्रे असलेल्या माहितीपुस्तिका प्रेक्षकांसाठी छापून घेत. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र भित्तिपत्रक मानले जाते. याच चित्रपटाचा लंडनजवळील वेंब्ली येथे भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनात पदक देऊन गौरव झाला.

कंपनीत सर्वांनी सर्व कामे करावीत अशी रीत होती. १९२० च्या सुमारास आलेल्या शांताराम वणकुद्रे या कोल्हापूरच्या मुलाने पडेल ते काम करीत धंदा शिकून घेतला. १९२१ च्या सुरेखाहरण या चित्रपटात त्याला पहिली भूमिका मिळाली. हेच पुढचे व्ही. शांताराम.

सावकारी पाश

पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या यशानंतर बाबूरावांनी १९२५ साली सावकारी पाश हा सामाजिक मूकपट काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी अखेर शहरात गिरणी कामगार होतो, असे त्याचे कथानक आहे. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. देव, राक्षस, युद्धे आणि चमत्कार यांची सवय झालेल्या पडद्यावर दरिद्री झोपडी, तिच्यातला अंधूक उजेड आणि बाहेर रडणारे कुत्रे दिसले. या दृश्याचा उल्लेख चित्रपट इतिहासकार आजही करतात.

चित्रपट चालला नाही. प्रेक्षकांना आपल्याच गावची अवकळा पैसे देऊन पाहायची नव्हती. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा हा आरंभ समजला जातो, परंतु कंपनीच्या जमाखर्चात तो तोट्याचाच राहिला आणि बाबूरावांना पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले. मुरलीवाला आणि सती सावित्री (दोन्ही १९२७) हे त्यानंतरचे चित्रपट होत.

सहकाऱ्यांचे जाणे

बाबूराव मितभाषी होते आणि त्यांच्या कामाची गती संथ होती. मनासारखे होईपर्यंत काम हातावेगळे करायचे नाही, ही चित्रकाराची शिस्त त्यांनी चित्रपटातही पाळली. चित्रपट हा मात्र तोवर पगार, व्याज आणि वितरणाच्या तारखांचा धंदा झाला होता. हाताखाली तयार झालेल्या तरुणांना आता स्वतंत्र काम हवे होते. शांताराम यांनी नेताजी पालकर (१९२७) आणि दामले-फत्तेलाल यांनी महारथी कर्ण (१९२८) हे चित्रपट कंपनीसाठी दिग्दर्शित केले, तरी त्यांची अस्वस्थता शमली नाही.

१ जून, १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. छायाचित्रण, कलादिग्दर्शन, अभिनय आणि यंत्रे ही कंपनीची मुख्य अंगे ज्यांच्या हाती होती, ते सर्व एकाच वेळी निघून गेले. १९३० चा लंका हा बाबूरावांचा अखेरचा मूकपट ठरला. लवकरच बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. प्रभातने अयोध्येचा राजा (१९३२) हा मराठीतील पहिला बोलपट त्याच गावात काढला, आणि दामले-फत्तेलाल यांच्या संत तुकाराम (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्या भव्य देखाव्यांत आणि छायाप्रकाशाच्या योजनेत बाबूरावांच्या कामशाळेचे वळण स्पष्ट दिसते.

उत्तरायुष्य

प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास गेली. मुंबई-पुण्यात मागणी असूनही बाबूराव मात्र कोल्हापुरातच राहिले आणि पुन्हा चित्रकला व शिल्पकलेकडे वळले. शालिनी सिनेटोन या संस्थेसाठी त्यांनी उषा (१९३५), सावकारी पाशची बोलपट आवृत्ती (१९३६) आणि प्रतिभा (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. संवादांपेक्षा चित्रचौकटीवर भिस्त ठेवणाऱ्या या दिग्दर्शकाला बोलपट पूर्वीसारखा वश झाला नाही. लोकशाहीर राम जोशी (१९४७) या शांताराम यांच्या संस्थेच्या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी आरंभिले आणि ते शांताराम यांनी पूर्ण केले. गुरू-शिष्यांची नावे दिग्दर्शक म्हणून एकत्र आली ती या चित्रपटात. विश्वामित्र (१९५२) हा बाबूरावांच्या अखेरच्या काळातील चित्रपट.

या काळात त्यांचे अधिक स्थिर काम शिल्पकाराचे होते. मातीत प्रतिमा घडवण्यापासून धातूच्या ओतकामापर्यंतची सर्व अंगे ते जाणत. कोल्हापुरात गव्हर्नर विल्सन यांच्या पुतळ्याची स्वातंत्र्यसैनिकांनी मोडतोड केल्यावर त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. तो बाबूरावांनी घडवला असून तो चौक आज शिवाजी चौक म्हणून ओळखला जातो.

१६ जानेवारी, १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक काळाच्या ओघात नष्ट झाले असून काहींचे केवळ तुकडे उरले आहेत. कोल्हापुरातील खरी कॉर्नर येथे त्यांच्या कामगिरीचे स्मारक म्हणून कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभारलेला आहे, आणि त्यांच्या नावाची फिल्म सोसायटी शहरात चित्रपट महोत्सव भरवते.