पाहुण्या पक्ष्यांवरचा संशय आणि सलीम अली

हिवाळा सुरू झाला की वडगाव निंबाळकर, बारामती, इंदापूर परिसरातले हौशी छायाचित्रकार पहाटेच भिगवण-कुंभारगावची वाट धरतात. समुद्र इथून लांब असला, तरी उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी ओसरू लागले की चिखलाचा किनारा उघडा पडतो. त्यावर तुतारी, चिखल्या, शेकाट्या चरताना दिसतात आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचे फोटो गावात पोहोचले की एक शंका हमखास निघते. परदेशातून येणारे हे पक्षी रोगराई तर आणत नाहीत ना?

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हीच शंका शास्त्रज्ञांनाही पडली होती. तिचे उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

प्रकृतीने मात्र सुरुवातीला साथ दिली नाही. शाळकरी वयात सततच्या डोकेदुखीने अभ्यासात खंड पडे. कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना काही काळ सिंधला पाठवले होते. पुढे विद्यापीठाची पदवी हाती नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र विभागात नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काम केल्यावर ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेसमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्याच्या प्रवासाचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी जर्मनीतच पाहिले.

1930 मध्ये ते परतले, तेव्हा संग्रहालयातली जागा पैशांअभावी बंद झाली होती. अलिबागजवळ किहीमच्या समुद्रकिनारी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आडोशाला तासन्‌तास बसून, नर अनेक घरटी विणतो आणि मादी त्यातले पसंत करते, हे त्यांनी नोंदवले. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर पत्नी तेहमिना यांचे निधन झाले. त्या धक्क्यातून सावरत त्यांनी काम सुरू ठेवले. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलायाचे उद्योजक आणि पक्षी-छायाचित्रकार लोक वान थो यांच्याशी त्यांची मैत्री झाली. आडोशाआड बसून पक्ष्याला न बिचकवता फोटो काढण्यात थो यांचा हातखंडा होता.

1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली. आसपासची माणसेही तीव्र तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. तो गोचिडीमार्फत पसरत होता आणि रशियातल्या एका विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. मग साहजिकच संशय आला, तो उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींवर.

सलीम अलींनी पक्ष्यांची वकिली केली नाही, तपासाला हात घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 1959 मध्ये सोसायटीने मोठा प्रकल्प सुरू केला. भरतपूर, कच्छ, पॉइंट कॅलिमर अशा ठिकाणी बारीक जाळ्यांत पक्षी धरले जात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायच्या, पायात कडी घालायची आणि पक्षी सोडून द्यायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले. इथे कडी घातलेले पक्षी पुढे सायबेरिया आणि मध्य आशियात सापडले. त्यातून त्यांच्या प्रवासाचे मार्ग कळले. पण क्यासनूरचा विषाणू त्यांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो आजार जंगलातच गोचिडी, लहान प्राणी आणि माकडे यांच्यात फिरत राहतो. गोचिडी चावली की तो माणसाला होतो. 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण आढळले.

सलीम अलींना 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1987 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

पक्ष्यांपासून धोका अजिबात नाही, असा याचा अर्थ नव्हे. रानातल्या पाणपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचे विषाणू असू शकतात. 2006 मध्ये नंदुरबारमधल्या नवापूरच्या कोंबड्यांना त्याचा फटका बसला होता. पण माणसाला ही लागण प्रामुख्याने आजारी किंवा मेलेल्या कोंबड्यांच्या निकट संपर्कातून होते, लांबून पक्षी पाहिल्याने नाही. पाणवठ्यावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, वनविभागाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

फोटो काढतानाही अंतर राखावे. परतीच्या प्रवासाआधी हे पक्षी अंगात चरबी साठवतात, तीच त्यांची शिदोरी. फोटोसाठी होडी थव्यात घातली की ती शिदोरी उगाच खर्ची पडते. एखाद्याच्या पायात कडी किंवा अक्षरे लिहिलेली रंगीत पट्टी दिसली, तर तिचा स्पष्ट फोटो घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवावा. ज्या माहितीसाठी पूर्वी पक्षी पुन्हा पकडावा लागे, ती आता त्याला हातही न लावता मिळते.