रुमालातली चिल्लर



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा टाळलं. शाळेच्या आठवणी लिहायला बसले की एकच आठवण पुढे येऊन उभी राहते, आणि ती मी तीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. मग ठरवलं, आधी एका दुसऱ्याच बाईंची गोष्ट सांगावी. माझी आठवण त्यांच्या पाठोपाठ येईल.

२०१९ साली कंपनीच्या कामासाठी मी वॉशिंग्टनला गेले होते. रविवारी सुट्टी होती म्हणून फिरत फिरत लिंकन पार्क नावाच्या बागेत पोचले. तिथे एका काळ्या, वयस्क बाईंचा पुतळा आहे. एका हातात काठी, आणि दुसऱ्या हाताने त्या समोरच्या दोन मुलांना काहीतरी देत आहेत. नाव वाचलं, मेरी मॅक्लाउड बेथ्यून. मला काहीच बोध झाला नाही. आपल्याला कार्व्हर माहीत होते, कारण वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्या वर्गात हातोहात फिरलं होतं. पण या बाई कोण? रात्री हॉटेलवर जाऊन वाचायला बसले, आणि तेव्हापासून वाचतेच आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामगिरी बंद करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे आपण इतिहासात शिकलो. त्यानंतर दोन वर्षांनी, १० जुलै १८७५ रोजी, दक्षिण कॅरोलिनामधल्या मेझव्हिल गावाजवळ मेरीचा जन्म झाला. सतरा भावंडांतली ही पंधरावी. आईवडील आणि थोरली भावंडं गुलाम म्हणून जन्मलेली. मेरी मात्र स्वतंत्र जन्मली. पण स्वतंत्र म्हणजे काय, तर घरची लहानशी शेती, कापूस वेचणं, आणि आईने गोऱ्यांचे कपडे धुणं. शाळा नव्हतीच.

आईबरोबर ती एकदा गोऱ्या मालकाच्या घरी गेली होती. तिथे मुलांच्या खेळण्याच्या जागी एक पुस्तक दिसलं म्हणून तिने उचललं. तिथल्या मुलीने ते लगेच खाली ठेवायला सांगितलं, कारण तुला वाचता कुठे येतं! मेरीने पुस्तक ठेवलं, पण ती गोष्ट मनातून गेली नाही. आपल्यात आणि त्यांच्यात फरक असेल तर तो या वाचण्यात आहे, असं त्या पोरीच्या मनाने घेतलं.

ती साधारण दहा वर्षांची असताना एमा विल्सन नावाच्या काळ्या शिक्षिकेने तिथे मिशनची शाळा सुरू केली. जाऊन येऊन रोज मैलोगणती पायपीट. घरातून एकालाच पाठवणं परवडत होतं, म्हणून मेरी गेली, आणि संध्याकाळी परत येऊन भावंडांना शिकवू लागली. हिशेब यायला लागल्यावर शेजारचे शेतकरी कापूस विकताना तिच्याकडून वजन आणि पैसे तपासून घेऊ लागले. शिक्षणाचा पहिला उपयोग तिने हा पाहिला, की वजनकाट्यावर आपली फसवणूक थांबते.

ती शाळा संपली तेव्हा पुढे शिकायला पैसे नव्हते. मेरी पुन्हा शेतात गेली. त्याच सुमारास तिथून शेकडो मैल लांब, डेन्व्हर शहरात, मेरी क्रिसमन नावाच्या एका क्वेकर पंथाच्या बाई राहत होत्या. कपडे शिवून पोट भरणाऱ्या. त्यांनी कळवलं, की शिकून चीज करील अशा एका मुलीचा खर्च मी उचलते. विल्सनबाईंनी मेरीचं नाव दिलं. १८८८ साली मेरी उत्तर कॅरोलिनामधल्या स्कोशिया सेमिनरीत दाखल झाली. ज्यांनी पैसे दिले त्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं, तिनेही त्यांना पाहिलेलं नव्हतं.

मी इथपर्यंत वाचलं आणि लॅपटॉप बंद केला होता. का, ते पुढे सांगते.

स्कोशियानंतर मेरी शिकागोच्या मूडी संस्थेत मिशनरी व्हायला शिकली. तिला आफ्रिकेत जायचं होतं. पण काळ्या मिशनरीसाठी तिथे जागा नाही, असं उत्तर मिळालं. आयुष्यभराचं स्वप्न एका नकाराने संपलं. मग ती जॉर्जियात ल्यूसी लेनी यांच्या शाळेत शिकवायला गेली. लेनीबाईही गुलामांच्या घरातून आलेल्या, आणि स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवणाऱ्या. आपलं काम आफ्रिकेत नसून इथेच आहे, हे मेरीला तिथे उमगलं. १८९८ साली तिने अल्बर्टस बेथ्यून यांच्याशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. तो संसार फार काळ टिकला नाही. १९०७ मध्ये नवरा सोडून गेला. पण तोवर तिची शाळा उभी राहिली होती.

इथून पुढे मी तिला बेथ्यूनबाई म्हणते. आपल्याकडे शिक्षिकेला बाईच म्हणतात.

फ्लोरिडात तेव्हा रेल्वेची कामं चालली होती. मजूर काळे, आणि त्यांच्या मुलांकडे बघायला कुणी नाही. १९०४ च्या ऑक्टोबरात बेथ्यूनबाईंनी डेटोना गावात एक भाड्याचं घर घेऊन मुलींची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी पाच, सोबत स्वतःचा लहान मुलगा, आणि जवळ दीड डॉलर. लाकडी खोक्यांची बाकं केली. जळक्या ढलप्यांच्या पेन्सिली, आणि जंगली बोरांसारख्या फळांच्या रसाची शाई. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या मागे फेकलेलं सामान उचलून आणायचं, घासूनपुसून वापरायचं.

मुली वाढल्या आणि जागा पुरेना. गावातली कचरा टाकायची जमीन त्यांनी घ्यायची ठरवली. विसार द्यायला पाच डॉलरही नव्हते. मग रताळ्याचे पाय आणि आइस्क्रीम करून बांधकामावरच्या मजुरांना विकलं. जमलेली चिल्लर रुमालात बांधून त्या मालकाकडे गेल्या आणि ती त्याच्यासमोर सोडली. त्या उकिरड्यावर शाळेची पहिली मोठी इमारत उभी राहिली. तिचं नाव ठेवलं फेथ हॉल, म्हणजे श्रद्धा.

मजुरांच्या चिल्लरीवर शाळा किती दिवस चालणार? हिवाळ्यात डेटोनाला उत्तरेकडचे श्रीमंत गोरे हवापालटासाठी येत. बेथ्यूनबाई त्यांच्या दारात जायच्या. साबणाच्या कारखान्याचे मालक जेम्स गॅम्बल एकदा शाळा बघायला आले तेव्हा त्यांना खोकी आणि जुनाट खोली दिसली. ज्या शाळेचा विश्वस्त व्हायला मला बोलावलंत ती कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ती माझ्या मनात आहे, तिचे विश्वस्त व्हा, असं बाईंनी सांगितलं, आणि ते झाले.

अशा देणगीदारांच्या अटी उघडपणे सांगितलेल्या नसल्या तरी असतात. काळ्या मुलींनी स्वयंपाक, शिवण, धुणं शिकावं, म्हणजे चांगल्या मोलकरणी मिळतील, एवढीच पुष्कळांची अपेक्षा होती. बाईंनी स्वयंपाक आणि शिवण शिकवलं. पण त्याच छपराखाली हायस्कूल काढलं, शिक्षिकांचं प्रशिक्षण सुरू केलं. रविवारच्या सभांना गोरे पाहुणे यायचे, तेव्हा काळ्यांसाठी वेगळ्या खुर्च्या ठेवल्या नाहीत. त्या काळच्या दक्षिणेत ही साधी गोष्ट नव्हती. मागायला जाताना त्या हात पुढे करत होत्या, मान खाली घालत नव्हत्या.

एका विद्यार्थिनीचं अपेंडिक्स अचानक बळावलं. गावातल्या गोऱ्यांच्या इस्पितळाने शस्त्रक्रिया तर केली, पण तिला मागच्या ओसरीवर टाकून ठेवलं. बाई बघायला गेल्या आणि ते पाहून परतल्या त्या इस्पितळ काढायचं ठरवूनच. १९११ साली शाळेजवळच्या एका लहान घरात दोन खाटांवर ते सुरू झालं.

१९२० साली अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार मिळाला. बाई दारोदार फिरून काळ्या मतदारांची नोंदणी करू लागल्या. निवडणुकीच्या आदल्या रात्री पांढरे झगे घातलेले क्लॅनचे लोक मशाली घेऊन शाळेवर चालून आले. बाई मुलींना घेऊन जागच्या हलल्या नाहीत. जमाव निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या लोकांना घेऊन मतदानाला गेल्या.

१९२३ मध्ये त्यांच्या शाळेचं कुकमन संस्थेशी एकत्रीकरण झालं. पुढे तिचं बेथ्यून-कुकमन कॉलेज झालं, १९४१ पासून तिथे चार वर्षांची पदवी मिळू लागली, आणि आज ते विद्यापीठ आहे. १९०४ ते १९४२ त्या त्याच्या प्रमुख होत्या. १९३५ मध्ये त्यांनी काळ्या स्त्रियांच्या संघटनांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. १९३६ पासून रूझवेल्ट सरकारच्या युवक खात्यात काळ्या तरुणांचा विभाग सांभाळला, आणि शिष्यवृत्तीचा पैसा काळ्या महाविद्यालयांतल्या मुलांपर्यंत पोचवला. एलेनॉर रूझवेल्ट त्यांच्या जवळच्या मैत्रीण होत्या.

एक प्रसंग मला फार आवडतो. १९३८ साली बर्मिंगहॅम शहरात एक मोठी परिषद भरली होती. दक्षिणेत गोरे लोक काळ्या माणसाला, तो केवढाही मोठा असो, एकेरी नावानेच हाक मारत. व्यासपीठावरून बाईंनाही नुसतं मेरी म्हणून बोलावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की माझं नाव मिसेस बेथ्यून आहे. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या, एका महाविद्यालयाच्या अध्यक्ष होत्या, तरी हे सांगावं लागत होतं.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती, तेव्हा अमेरिकी शिष्टमंडळाच्या सल्लागारांमध्ये त्या होत्या. १८ मे १९५५ रोजी त्या गेल्या. त्यांची समाधी त्या विद्यापीठाच्या आवारातच आहे. मी पाहिलेला पुतळा १९७४ चा. २०२२ मध्ये संसद भवनातही त्यांचा संगमरवरी पुतळा फ्लोरिडाच्या वतीने बसवला गेला. त्याआधी फ्लोरिडाच्या त्या जागी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता.

आता माझी आठवण.

दहावीच्या वर्षी बाबांचं आजारपण चाललं होतं. आई घरी पोळ्या करून डब्यांना द्यायची, त्यावर घर चाललं होतं. बोर्डाच्या परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख जवळ आली. आई उसने पैसे मागून दमली होती. शेवटच्या दिवशी ती थोडी मुदत मागायला शाळेच्या ऑफिसात गेली, मी बाहेर दाराशी उभी होते. क्लार्क काकांनी वही उघडली आणि म्हणाले, की हिची फी भरलेली आहे. कुणी भरली, ते त्यांनी सांगितलं नाही. आईने खूप विचारलं. ते वही मिटून दुसऱ्या कामाला लागले.

आई रस्ताभर रडत होती. मला मात्र लाज वाटत होती. कुणालातरी माझं कळलंय, उद्या वर्गात कोण माझ्याकडे कसं बघेल, एवढंच डोक्यात होतं. मग मी दहावी झाले, इंजिनिअर झाले, नोकरी लागली, आणि शाळेकडे फिरकले नाही. मागची दोन गेट-टुगेदरं मी कामाचं निमित्त सांगून चुकवली, ती याच लाजेने. म्हणून त्या रात्री डेन्व्हरच्या शिंपीणबाईंपाशी येऊन माझा लॅपटॉप बंद झाला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी फी भरणाऱ्या माणसाचा विचार केला. तोवर फक्त माझाच केला होता. तो माणूसही पगारातून, पै-पै वाचवून देणारा असेल. त्या बाकांपलीकडे उभे राहून आपल्याला शिकवणाऱ्यांपैकीच कुणी असेल, असं मला आज वाटतं. काका वारले. आता कळायचा मार्ग नाही.

ग्रुपवर सध्या वाद चालला आहे, की जमलेल्या निधीतून देणगीदारांच्या नावांची कमान बांधायची की आणखी काही. माझं मत लिहून ठेवते. कमान छान दिसेल. पण यंदाही दहावी-बारावीला अशी मुलं असतील, ज्यांचं अडणारं आहे फॉर्मच्या फीपाशी, प्रवेश परीक्षेपाशी, कॉलेजच्या पहिल्या हप्त्यापाशी. त्यांच्यासाठी एक खातं उघडू या. मुलांची निवड वर्गशिक्षकांनी करावी, जशी विल्सनबाईंनी केली होती. कुणाचे पैसे कुणाला गेले, हे वहीत राहू दे आणि वही मिटलेली राहू दे.

माझा हिस्सा मी दिला आहे. बाकीच्यांकडे मागायला मी स्वतः येणार आहे, फोन उचला. मागायची मला आता लाज वाटत नाही.

या वेळी गेट-टुगेदरला मी येते आहे. आईलाही आणते आहे. तिला ते ऑफिस पुन्हा एकदा बघायचं आहे.